जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ : घरच्या शुश्रूषेत तो कुठवर साथ देतो

घरातल्या माणसाला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाल्याचे निदान होते तेव्हा डॉक्टर औषधे लिहून देतात आणि पुढच्या तपासणीची तारीख सांगतात. त्या तारखेपर्यंतचे दिवस कसे काढायचे, अपरात्री उठून दाराकडे निघालेल्या माणसाला काय म्हणायचे, आंघोळीला ठाम नकार मिळाला तर काय करायचे, हे शिकवणारे मात्र सहसा कोणी भेटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला ‘आयसपोर्ट’ हा प्रशिक्षण कार्यक्रम नेमका या उणिवेसाठी आहे. तो ऑनलाइन आहे, आणि २०१९ साली संघटनेने त्याची छापून घेण्याजोगी पुस्तिकाही प्रसिद्ध केली, जी विनामूल्य मिळते. माझ्या मोठ्या बहिणीची देखभाल करताना मी या पुस्तिकेची इंग्रजी आवृत्ती वापरत आले आहे, आणि पुढचे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

कार्यक्रमाचे पाच भाग आणि एकूण २३ धडे आहेत. पहिल्या भागात आजाराची ओळख करून देणारा एकच धडा आहे. दुसऱ्या भागातले चार धडे काळजीवाहकाच्या भूमिकेविषयी आहेत : आजाराचा पुढचा प्रवास, संवाद, निर्णय घेताना रुग्णाला द्यायची मदत आणि इतरांना सहभागी करून घेणे. तिसऱ्या भागातले तीन धडे काळजीवाहकाने स्वतःकडे कसे पाहावे याचे आहेत, चौथ्या भागातले पाच खाणेपिणे, शौच आणि स्वच्छता अशा रोजच्या कामांचे, आणि पाचव्या भागातले तब्बल दहा धडे रुग्णाच्या वागण्यात होणाऱ्या बदलांचे आहेत. ही विभागणी पाहिली की पुस्तिकेचा कल लगेच कळतो. रुग्णाला कसे सांभाळावे याला तिने मोठी जागा दिली आहे, आणि सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार या प्रश्नाला त्या मानाने थोडी.

असा कार्यक्रम आरोग्य संघटनेला काढावासा का वाटला, हे तिच्याच आकडेवारीवरून समजते. जगभरात २०२१ साली सुमारे ५.७ कोटी लोकांना डिमेन्शिया होता, आणि दरवर्षी त्यांत जवळजवळ एक कोटी नव्या रुग्णांची भर पडते. या आजारापायी जगाला २०१९ साली सोसावा लागलेला खर्च १.३ लाख कोटी डॉलर होता, आणि त्यातला जवळपास निम्मा भाग कुटुंबीय आणि मित्र यांनी केलेल्या, ज्याचे कोणी पैसे देत नाही अशा, देखभालीचा आहे. ही माणसे दिवसाला सरासरी पाच तास देखभाल आणि देखरेख करत होती, आणि देखभालीच्या एकूण तासांपैकी ७० टक्के स्त्रियांच्या वाट्याला आलेले होते. म्हणजे जगातली सर्वांत मोठी शुश्रूषा-यंत्रणा प्रशिक्षणाविना आणि पगाराविना चालते, आणि तिच्यातली बहुतेक माणसे स्वतःला काळजीवाहक म्हणवूनही घेत नाहीत. ती केवळ मुलगी, पत्नी, भाऊ किंवा जुना मित्र असतात. पुस्तिकेचा रोख या माणसांकडे आहे आणि तिची भाषाही त्यांनाच उद्देशून आहे, ही तिची पहिली जमेची बाजू.

शिकवण्याची पद्धत साधी आहे. प्रत्येक धड्यात एखाद्या काळजीवाहकाचा छोटा प्रसंग येतो, त्यावर प्रश्न विचारला जातो, उत्तराचे काही पर्याय दिलेले असतात, आणि कोणता पर्याय का उपयोगी पडेल याचे स्पष्टीकरण त्यानंतर मिळते. वाचणाऱ्याने स्वतःच्या घरातली परिस्थिती लिहून काढावी यासाठी मोकळ्या जागा ठेवलेल्या आहेत. सुरुवातीला ही रचना शाळकरी वाटते, आणि अनुभवी काळजीवाहकाला काही प्रश्न तर फारच सोपे वाटतील, कारण चुकीचा पर्याय दुरूनच ओळखू येतो. तरीही लिहून काढण्याचा आग्रह मला पटला. आपण दिवसभर जे करतो ते कागदावर उतरले की त्यातले कोणते काम खरोखर आवश्यक आहे आणि कोणते केवळ सवयीने चालू आहे, हे दिसू लागते.

पाचवा भाग हा या कार्यक्रमाचा कणा आहे, आणि मी तो सर्वाधिक वेळा उघडला आहे. विसरभोळेपणा, आक्रमकता, उदासी आणि चिंता, झोप न लागणे, भ्रम आणि भास, तेच ते पुन्हा करणे, भटकणे आणि हरवणे, सारासार विचार बदलणे, अशा एकेका लक्षणाला येथे स्वतंत्र धडा आहे. सगळ्यांतून वाहणारा विचार एकच आहे : वागणे विचित्र दिसले तरी त्यामागे बहुधा काही कारण असते, आणि ते शोधायचे तर प्रसंगाच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले हे पाहावे लागते. दुखणे, भूक, शौचाची भावना, अनोळखी आवाज, कंटाळा, अपुरा उजेड, यांपैकी काहीही त्या मागे असू शकते, आणि ज्याला ते शब्दांत सांगता येत नाही तो ते वागण्यातून सांगतो. माझी बहीण संध्याकाळ झाली की ‘आता मला घरी सोड’ असे म्हणत अस्वस्थ फेऱ्या मारते, आणि ‘हेच तुझे घर आहे’ या खऱ्याखुऱ्या उत्तराने ती आणखी चिडते. वाद घालून वस्तुस्थिती पटवून देण्यापेक्षा तिच्या मनातली भीती ओळखावी आणि तिला धीर द्यावा, हे एकदा ध्यानात आले की तोच प्रश्न बराच सुसह्य होतो, जरी तो संपत नसला तरी. खोलीतला दिवा अंधार पडण्यापूर्वी लावणे आणि त्या वेळेला तिच्या हाताला काही काम देणे, एवढ्यावर आमच्या बऱ्याच संध्याकाळी निभावल्या आहेत.

संवादाचा धडाही असाच जमिनीवरचा आहे. बोलण्याच्या युक्त्या सांगण्याआधी तो रुग्णाला नीट ऐकू येते का आणि दिसते का, हे तपासायला लावतो. ही बाब इतकी उघड आहे की ती सुचत नाही; निदानाचे नाव एकदा चिकटले की प्रत्येक गोंधळ त्या नावावर टाकला जातो, आणि चष्म्याचा नंबर बदललेला आहे किंवा कानात मळ साचला आहे हे कोणी पाहत नाही. त्यानंतर समोर येऊन बोलणे, छोटी वाक्ये, एका वेळी एकच सूचना आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ, हा क्रम येतो. यांतले नवे असे काहीच नाही, हे खरे आहे. पण थकलेल्या माणसाला नव्या ज्ञानापेक्षा माहीत असलेल्याची योग्य क्रमाने आठवण करून देणारे काही तरी अधिक लागते, आणि ते काम हा धडा चोख बजावतो.

शौच, आंघोळ आणि कपडे यांविषयीचे धडे थोडक्यात सांगण्यासारखे आहेत : ते स्पष्ट आहेत, संकोच न करता लिहिलेले आहेत, आणि रुग्णाची अब्रू राखण्याचे भान त्यांत आहे. ज्याला हे काम आयुष्यात पहिल्यांदा करावे लागते आहे त्याने ते आवर्जून वाचावेत.

तिसऱ्या भागाबद्दल माझे मत मिश्र आहे. ताण कमी करणे, आवडीच्या गोष्टींसाठी वेळ काढणे आणि वेगळ्या पद्धतीने विचार करणे, असे त्याचे तीन धडे आहेत, आणि त्यांमागे बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीची बैठक आहे. त्रास देणारा विचार ओळखायचा, तो कितपत खरा आहे हे तपासायचे आणि त्याच्या जागी अधिक उपयोगी विचार ठेवायचा, ही त्या पद्धतीची ओळखीची वाट. अपराधी भावनेच्या बाबतीत ती खरोखर कामी येते. ‘मी आवाज चढवला म्हणजे मी वाईट बहीण आहे’ हा विचार कागदावर लिहिला की त्यातला अतिरेक आपला आपल्यालाच दिसतो. मात्र सलग झोप न मिळालेल्या माणसाचा थकवा हा विचारातला दोष नसतो. त्याला झोप लागते, आणि झोपेसाठी त्याच्या जागी दुसरे कोणी तरी जागे राहावे लागते. आवडीच्या गोष्टींसाठी वेळ काढा असे सांगताना तो वेळ कोणाकडून मिळवायचा याचे उत्तर त्याच पानावर असायला हवे होते. ते दुसऱ्या भागात मागे राहून गेले आहे.

हा तपशिलाचा हट्ट नाही. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, जोडीदाराची देखभाल करणाऱ्या आणि त्या देखभालीचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांच्या काळातला मृत्यूचा धोका, देखभाल न करणाऱ्यांच्या तुलनेत, ६३ टक्के अधिक आढळला होता. ताण ही केवळ मनाची तक्रार नसते, ती देहाला भोवते. म्हणून पुस्तिकेच्या जोडीला स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, काळजीवाहकावरचा भार मोजणारी प्रश्नावली वापरावी असे मी सुचवेन. तिची पहिली आवृत्ती १९८० ची आहे. आज सर्रास वापरली जाते ती २२ प्रश्नांची, ज्यात प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण आणि एकूण ८८ गुण असतात. गुण जितके जास्त तितका भार जास्त. ‘मी थकले आहे’ या वाक्याकडे नातेवाईक आणि डॉक्टर दोघेही सहज दुर्लक्ष करतात, पण काही महिन्यांच्या अंतराने भरलेल्या दोन प्रश्नावल्यांमधला वाढता आकडा समोर ठेवला की चर्चा वेगळ्या पातळीवर होते.

आता ज्या धड्यासाठी ही पुस्तिका मी इतरांच्या हाती देते, त्याकडे वळते. दुसऱ्या भागाच्या शेवटी येणारा हा धडा इतरांना सहभागी करून घेण्याविषयी आहे. तो विचारायला लावतो की नेमकी कोणती मदत हवी आहे, ती कोण देऊ शकेल आणि ती कशी मागावी. नातेवाईक आणि मित्र ‘काही लागले तर कधीही सांग’ असे म्हणतात आणि बहुतेक वेळा मनापासून म्हणतात; पण त्या वाक्यात काम, दिवस आणि वेळ यांपैकी काहीच नसते, आणि भिडस्त माणूस कधीच काही सांगत नाही. मी कामांची यादी करून प्रत्येकापुढे एकच काम ठेवले. ज्याला रुग्णाजवळ बसायला अवघड वाटत होते त्याने औषधे आणून देण्याची जबाबदारी आनंदाने घेतली, दूर राहणाऱ्या भावाने कागदपत्रे आणि तपासण्यांच्या तारखा सांभाळायला घेतल्या, आणि बहिणीची एक जुनी मैत्रीण ठरलेल्या वारी दुपारभर येऊन बसू लागली. ज्यांना नाही म्हणायचे होते तेही नाही म्हणाले, आणि त्यांच्याकडून आशा ठेवणे थांबले, हाही एक फायदाच झाला.

माझी मुख्य तक्रार याच धड्याविषयी आहे. २३ धड्यांत तो एकच आहे, आणि मदत मागण्याचा सगळा भार तो आधीच वाकलेल्या माणसावर टाकतो. सोबत मदत करणारे दुसरे कोणी आहे, ते हो म्हणेल आणि शब्द पाळेल, असे गृहीत धरून तो पुढे जातो. पुस्तिका काळजीवाहकाला एकट्याला शिकवते. घरातल्या इतरांना एकत्र बसवून शिकवत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातील मेरी मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले त्याच्याशी तुलना केली की हे अंतर ठळक होते. त्यांच्या कार्यक्रमात जोडीदाराची देखभाल करणाऱ्याला समुपदेशनाच्या दोन स्वतंत्र बैठका मिळत, आणि त्याखेरीज चार बैठका इतर कुटुंबीयांसह होत. पुढे आधारगट आणि गरज पडेल तेव्हा दूरध्वनीवर सल्ला यांची सोय असे. ४०६ काळजीवाहकांच्या या अभ्यासाचे २००६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की आधार मिळालेल्या गटात रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी पुढे गेली. दीड वर्षाहून अधिक काळ माणूस आपल्या घरी राहिला, आणि त्यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही. कुटुंबासह झालेल्या बैठकांचा त्यात मोठा वाटा असावा असे मला वाटते, आणि आयसपोर्टमध्ये नेमकी तीच गोष्ट नाही.

दुसरी तुलना ‘स्टार्ट’ या ब्रिटनमधील कार्यक्रमाशी करता येईल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गिल लिव्हिंगस्टन आणि सहकाऱ्यांनी तो २६० काळजीवाहकांवर तपासला आणि २०१३ साली पहिले निष्कर्ष मांडले. त्यातही प्रसंग, सराव आणि विचारांची तपासणी आहे, म्हणजे आशय आयसपोर्टच्या बराच जवळचा आहे; फरक असा की मानसशास्त्राचे प्रशिक्षित पदवीधर काळजीवाहकाला प्रत्यक्ष भेटून आठ सत्रे घेतात. दोन वर्षांनंतर पाहिले तेव्हा हा कार्यक्रम न मिळालेल्यांमध्ये उपचार लागावे इतपत नैराश्य असण्याची शक्यता सातपट होती. पुस्तिकेत दिलेली साधने सारखीच असली तरी समोर बसून ‘मागच्या आठवड्यात सांगितलेले जमले का’ असे विचारणारा माणूस पानांतून मिळत नाही. स्वतःच्या गतीने शिकण्याची मुभा हा आयसपोर्टचा गुण सांगितला जातो, आणि दमलेल्या माणसाच्या हातून ती गती शून्यावर येते, हेही तितकेच खरे आहे. मी तिसरा भाग रेटून पूर्ण केला तो एका मैत्रिणीबरोबर वाचायला बसले म्हणून. तीही वडिलांना सांभाळते, आणि आम्ही दोघींनी एकमेकींची उत्तरे वाचल्याने त्या सरावात जीव आला.

जे या कार्यक्रमात नाही त्याचीही नोंद करायला हवी. आजाराच्या अखेरच्या टप्प्यासाठी, मृत्यूसाठी आणि नंतरच्या शोकासाठी स्वतंत्र धडा नाही. नोकरी सांभाळून शुश्रूषा करणाऱ्याने कामाच्या ठिकाणी काय बोलावे, कोणती सवलत मागावी, यालाही स्वतंत्र जागा नाही. विसाव्याची सोय, म्हणजे काही तास किंवा काही दिवस दुसऱ्याने रुग्णाची जबाबदारी घेणे, ही सेवा अर्थातच कोणतीही पुस्तिका देऊ शकत नाही, आणि काळजीवाहकाला तिची गरज सर्वांत जास्त असते. नाते नसताना केवळ मैत्रीपोटी देखभाल करणाऱ्याची अडचण आणखी वेगळी असते : रुग्णालयात त्याच्याशी कोणी बोलत नाही, निर्णयात त्याला स्थान नसते, आणि तरीही रोजचे काम त्याचेच असते. निर्णयांना मदत करण्याविषयीचा धडा येथे थोडा उपयोगी पडतो, कारण रुग्णाला आपली इच्छा अजून नीट सांगता येते आहे तोवरच ती विचारून घ्या आणि लिहून ठेवा, ही गोष्ट मित्राच्या बाबतीत दुपटीने महत्त्वाची ठरते.

डिमेन्शियाऐवजी पक्षाघात, कर्करोग किंवा दीर्घकाळच्या मानसिक आजाराच्या रुग्णाची देखभाल करणाऱ्यांनी ही पुस्तिका घ्यावी का, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. पहिला आणि पाचवा भाग त्यांच्या फारसा कामाचा नाही, म्हणजे जवळजवळ निम्मे पुस्तक बाजूला पडते. दुसऱ्या भागातला इतरांना सहभागी करण्याचा धडा आणि तिसरा भाग मात्र आजाराचे नाव काहीही असले तरी लागू पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या डिमेन्शियाविषयक कृती आराखड्यात, २०२५ पर्यंत ७५ टक्के देशांनी काळजीवाहकांसाठी आधार आणि प्रशिक्षणाचे कार्यक्रम द्यावेत असे उद्दिष्ट ठेवले होते, आणि आयसपोर्ट आपापल्या भाषेत व परिस्थितीत आणण्यासाठी संघटनेने वेगळी मार्गदर्शिकाही काढली आहे. म्हणून हा कार्यक्रम एखाद्या संस्थेमार्फत, शक्य तर गटात, मिळतो आहे का, हे आधी पाहावे. चौकशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात करता येते, आणि डिमेन्शियाच्या राष्ट्रीय संघटनेकडेही. अशा १०० हून अधिक देशांतल्या संघटनांना जोडणारा अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल हा महासंघ १९८४ पासून काम करतो आहे आणि त्याच्याकडून आपल्या देशातल्या संघटनेचा पत्ता लागतो. विचारताना थेट तीन गोष्टी विचाराव्यात : आधारगट आहे का, दूरध्वनीवर सल्ला देणारे कोणी आहे का, आणि रुग्णाला काही तास सांभाळण्याची सोय आहे का. ‘काही मदत मिळेल का’ या मोघम प्रश्नाला बहुतेक ठिकाणी माहितीपत्रक हातात पडते.

पुस्तिका एकट्याने वापरायची असेल तर ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याचा खटाटोप करू नये. निदान नुकतेच झाले असेल तर पहिला भाग आणि निर्णयांविषयीचा धडा आधी वाचावा, कारण त्या धड्यातले काम पुढे करता येत नाही. एखाद्या वागण्याने घर जेरीस आले असेल तर पाचव्या भागातला प्रास्ताविक धडा आणि त्या लक्षणाचा धडा, एवढेच पुरे. इतरांना सहभागी करण्याचा धडा मात्र कोणत्याही टप्प्यावर पहिल्याच आठवड्यात वाचावा, आणि शक्य असेल तर तो काळजीवाहकाने वाचण्याऐवजी ‘काही लागले तर सांग’ म्हणणाऱ्या नातेवाइकाच्या हाती द्यावा.